पोस्टडॉकचा शोध: प्रबंध लिहीत असतानाच

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी घरी आली होती. भौतिकशास्त्रातला तिचा पीएचडीचा प्रबंध लिहून होत आला आहे आणि पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधनपद, कसे मिळवायचे, हे तिला विचारायचे होते. तिला जे सांगितले ते मी स्वतः फार उशिरा शिकले, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

प्रबंध सादर केल्यानंतर मी शोध सुरू केला, ही माझी मोठी चूक होती. मौखिक परीक्षा होऊन पदवी जाहीर होईपर्यंत शिष्यवृत्ती थांबलेली असते आणि हातात पद नसते. त्या काळात मी साठेक प्राध्यापकांना केवळ नाव बदलून एकच पत्र पाठवले. उत्तरे दोन आली, दोन्ही नकाराची. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते पत्र वाचून विचारले, "तू काय केलेस ते यात आहे, पण त्यांच्या प्रयोगशाळेत तू काय करशील?" त्यानंतर मी प्रत्येकासाठी आधी त्यांचे अलीकडचे तीन-चार शोधनिबंध वाचले आणि मगच लिहिले. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, क्ष-किरण अवशोषणाची मोजमापे मी स्वतः घेतली होती आणि त्यांचे विश्लेषणही मला येत होते, पण पहिल्या पत्रात त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. तो मी वर आणला आणि त्यांच्या कोणत्या नमुन्यांवर हे तंत्र वापरता येईल, हेही लिहिले. अशी अकरा पत्रे गेली आणि चारांची सविस्तर उत्तरे आली. सिंक्रोट्रॉनवर काम करण्याची संधी इंदूरच्या विद्यार्थ्यांना घराजवळ मिळते, तरी अर्जात ती झाकलेली राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देशात राहायचे असेल तर प्रकल्पातील रिसर्च असोसिएटची, म्हणजे पीएचडीधारक संशोधकांची, पदे पाहावीत. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय दरांनुसार या पदाच्या पहिल्या स्तराला दरमहा ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. या जाहिराती बहुतेकदा संस्थेच्या संकेतस्थळावरच येतात आणि मुदत थोडी असते, त्यामुळे आयआयटी इंदूरसारख्या संस्थांची पाने दर आठवड्याला उघडावीत.

परदेशी फेलोशिपमध्ये पदवीच्या तारखेपासून घड्याळ सुरू होते, हे मात्र नीट समजून घ्यावे. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपसाठी पोस्टडॉक म्हणून पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज वर्षभर चालतात, परंतु तिथल्या यजमान शास्त्रज्ञाची संमती आधी हवी. युरोपातील मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज यजमान संस्थेसोबत मिळून लिहावा लागतो आणि मागील ३६ महिन्यांत यजमान देशात बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले चालत नाही. दोन्ही ठिकाणी यजमान आधी, अर्ज नंतर, आणि यजमान मिळतो तो पत्रानेच. संमती मिळणे, प्रस्ताव लिहिणे, निवड आणि व्हिसा यांत वर्ष सहज जाते.

शिफारसपत्रांविषयी तिने विचारले नाही, तरी मी सांगितले. फक्त मार्गदर्शकांच्या पत्रावर राहू नये. बीमलाइनवर, म्हणजे सिंक्रोट्रॉनचे किरण वापरून मोजमापे घेण्याच्या जागी, तुमच्या शेजारी रात्र काढलेल्या शास्त्रज्ञाला तुमचे काम प्रत्यक्ष ठाऊक असते.

निघताना तिने पाच प्रयोगशाळांची नावे लिहून घेतली. पहिले पत्र ती येत्या रविवारी वाचायला आणणार आहे.