सासवडला बघण्यासारखं काय आहे?

"तुमच्या सासवडला बघण्यासारखं काय आहे हो?" पुण्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याला बहुतेक पुरंदर किल्ल्यावर जायचं असतं आणि सासवड म्हणजे वाटेतला चहा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आधी कऱ्हेकाठी या.

कऱ्हा आणि चांबळी मिळतात तिथे संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. पायऱ्या थेट पात्रात उतरतात. श्रावणात आलात तर पाणी भेटेल. उन्हाळ्यात नुसते दगडगोटे, कारण आमचा भाग पर्जन्यछायेतला. तरी माणसांनी या नदीला जीव लावला. जवळच्या कोडीतला जन्मलेल्या आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला हिचंच नाव दिलं. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० मध्ये सासवडलाच वारले, त्यांची समाधी इथेच आहे. गावात पेशव्यांचे सरदार पुरंदरे यांचा वाडाही आहे. बाहेरून बघितलात तरी त्या काळाचा दरारा कळतो.

पण मला विचाराल तर सासवड म्हणजे सोपानकाका. १२९६ मध्ये आळंदीला माउलींनी समाधी घेतली आणि महिनाभरात धाकट्या भावाने इथे. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून येते ती धाकट्याच्या गावाला. गावाचा त्या दिवशी डोळा लागत नाही. आमच्या ओट्यावर आजी परातभर पीठ मळायची, भाकऱ्यांची चवड वाढत जायची, आणि पाय सुजलेल्या वारकरी बायका पिठल्याचा पहिला घास घेण्याआधी हात जोडायच्या. माउलींचा मुक्काम इथे असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरीला निघते. थोरला दाराशी आला आणि धाकटा त्याच्यादेखत वाटेला लागला! लहानपणापासून बघते आहे, अजूनही घसा दाटतो.

फाल्गुन-चैत्रात आलात तर अंजीर घ्या, मीठा बहाराचं, म्हणजे उन्हाळी हंगामाचं. टणक, हिरवं घेऊ नका. साल जांभळट झालेलं, बोटाला मऊ लागणारं घ्या आणि पुण्यापर्यंत नेऊ नका, ते वाट बघत नाही. संगमेश्वराच्या पायरीवर बसून तिथेच खा. समोरच्या एवढ्याशा पाण्यावर ते पिकलंय.