कार्लाव्हरॉक : स्कॉटलंडमधील त्रिकोणी किल्ला

स्कॉटलंडमधला किल्ला म्हटले की बहुतेकांना एडिंबरा आणि स्टर्लिंगच आठवतात, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना आम्हीही आधी तेथेच नेतो. परंतु ज्याला बांधकामात रस आहे त्याने डम्फ्रीजच्या दक्षिणेस, सॉल्वे खाडीजवळचा कार्लाव्हरॉक पाहावा, असे माझे ठाम मत आहे. डोंगरी किल्ल्यांना सरावलेल्या आपल्या नजरेला तो प्रथम चमत्कारिक वाटतो, कारण येथे चढण नाही, कडा नाही. सपाट, दलदलीच्या प्रदेशात पाण्याने भरलेला खंदक आणि त्याच्या मधोमध तांबूस वालुकाश्माची तीनच बाजूंची तटबंदी.

मॅक्सवेल घराण्याने याच परिसरात आधी एक लहान किल्ला बांधला होता. तो सोडून १२७० च्या दशकात थोड्या उत्तरेला हा नवा किल्ला उभारण्यात आला. त्रिकोणाच्या दक्षिणेकडील दोन कोपऱ्यांवर एकेक बुरूज आहे, तर उत्तरेच्या कोपऱ्यावर जोडबुरूज असून त्यांच्या मधून प्रवेशद्वार आहे. सगळ्यांत दुबळी जागा म्हणजे दरवाजा, आणि तीच सर्वांत बळकट करायची, हे सूत्र आपल्याकडच्या गडकोटांच्या महादरवाजांतही दिसते.

तरीही १३०० च्या जुलैमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड सुमारे तीन हजारांची फौज घेऊन आला, तेव्हा दगडफेकी यंत्रांच्या माऱ्यापुढे किल्ला फार काळ टिकला नाही. शरण आल्यावर आतून जेमतेम साठ माणसे बाहेर पडली. या वेढ्याचे वर्णन करणारे फ्रेंच काव्य उपलब्ध असून त्यात किल्ल्याची तुलना (त्या काळच्या युरोपातील त्रिकोणी) ढालीशी केलेली आहे. पुढे इंग्रजांविरुद्ध लढणारा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बाजूला गेलेल्या मॅक्सवेलांनी शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून आपलाच किल्ला अंशतः पाडला. नंतर तो पुन्हा बांधला गेला. प्रवेशद्वारावर माथ्याशी बाहेर झुकलेली जी दगडी सज्जे-रचना दिसते, जिच्या तळाच्या फटींतून खालच्या शत्रूवर मारा करता येई, ती या नंतरच्या काळातील आहे.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती चौकाच्या पूर्व बाजूची इमारत. निथ्सडेलचा पहिला अर्ल रॉबर्ट मॅक्सवेल याने १६३४ च्या सुमारास ती बांधून घेतली. चौकाकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्यांची रांग आणि प्रत्येक खिडकी-दाराच्या माथ्यावर कोरलेली कुलचिन्हे व पौराणिक प्रसंग पाहताना, हा लढाऊ किल्ल्याच्या पोटात घुसवलेला एक हौशी राजवाडाच आहे, असे वाटत राहते. हा थाट फार थोडी वर्षे टिकला. अर्ल कॅथलिक आणि राजा पहिल्या चार्ल्सचा पाठीराखा असल्याने १६४० मध्ये कॉव्हेनंटर पक्षाच्या, म्हणजे चर्चच्या कारभारात राजाच्या हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या स्कॉटिश प्रॉटेस्टंटांच्या, सैन्याने किल्ल्याला वेढा घातला; तेरा आठवड्यांनी शरणागती झाली. नंतर दक्षिणेचा तट आणि आग्नेय बुरूज पाडून किल्ला निकामी करण्यात आला. त्यामुळे आज खंदकाच्या दक्षिण काठावरून पाहिले की आतला चौक आणि अर्लच्या खिडक्या थेट दिसतात.