तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातलं फुकट ऊन

चवथीला (गणेश चतुर्थीला) गोव्यात, डिचोलीत आलो की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखाली, बसून हाच प्रश्न येतो: "तुमच्या त्या जैसलमेरात एवढं ऊन, मग सोलरवर एसी दिवसरात्र फुकट चालत असेल ना?"

नाही चालत. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनेलवर छापलेले वॅट आतल्या सेलचं (वीज बनवणाऱ्या चकतीचं) तापमान २५ अंश धरून असतात. मे महिन्यात बाहेर ४५ असलं की सेल सत्तरीला जातो, आणि पंचविसाच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्का वीज घटते. म्हणजे ऐन दुपारी १८ टक्के गेलीच. शिवाय धूळ. ती पहाटे, मऊ ब्रशने, कोरडीच काढायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

पण ही घट किरकोळ. दोन पॅनेल जास्त लावा, मिटलं. खरा मार बसतो तो बॅटरीला.

जैसलमेरजवळच्या सम गावाच्या वाटेवर एक ढाणी, म्हणजे छोटी वस्ती, आहे; तिथलं घर सांगतो. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्यूबुलर, म्हणजे लेड-ॲसिड जातीच्याच, बॅटऱ्या, ४८ व्होल्टचा संच, आणि ठेवला पत्र्याच्या खोलीत. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पंचविसाच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. त्यात चार्ज कंट्रोलरचा, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या डब्याचा, तापमानाचा सेन्सर बॅटरीला लावलाच नाही, तो खोक्यातच राहिला. गरम बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज कमी लागतो; बॅटरीतल्या प्रत्येक सेलमागे (कप्प्यामागे), दर अंशाला ४ मिलिव्होल्ट धरा. चार बॅटऱ्यांचे मिळून सेल २४, तापमान २० अंश जास्त, म्हणजे जवळपास २ व्होल्ट कमी. कंट्रोलरला हे कळणार कसं? तो रोज ५७.६ व्होल्टवर रेटत राहिला. बुडबुडे येऊन पाणी उडालं, प्लेटा उघड्या पडल्या. घरच्यांनी भल्या मनाने बोअरचं खारं पाणी भरलं आणि उरलंसुरलं त्या क्षारांनी संपवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात सातला दिवे लागायचे आणि दहाला पंखा थांबायचा. मे महिन्याची रात्र, घरात तान्हं मूल. विकणारा म्हणाला, बॅटरीच खराब निघाली. अहो, खराब कुठली, भाजली होती ती!

आता तिथे उत्तरेला, अर्धी जमिनीत, दीड फूट दगडी भिंतीची खोली आहे. एक झरोका खाली, एक छताला लागून, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन वर जातो. सेन्सर मधल्या बॅटरीच्या कुशीला टेपने चिकटवलाय. पाणी फक्त डिस्टिल्ड.

राहिला एसी. दीड टनाचा एसी रात्रीचे आठ तास चालला तर ८ ते १० युनिट खातो. त्या चार बॅटऱ्यांच्या संचातून बॅटरी न मारता जेमतेम साडेतीन युनिट निघतात. कूलर १५०-२०० वॅटवर भागवतो, आणि तिथल्या कोरड्या हवेत खरंच चालतो: बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर २७-२८ अंशांची हवा देतो. आपल्याकडे गोव्यात तो नुसती ओल वाढवेल.

पण पाणी? तासाला ८ लिटर, दिवसाला आठ तास, चार महिने: साडेसात हजार लिटर. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. १०० चौरस मीटर छतावरून टांक्यात, म्हणजे जमिनीतल्या टाकीत, फार तर १६ हजार लिटर उतरतं. चार माणसांचं पिणं-रांधणं, माणशी रोज ५ लिटर, वर्षाला ७,३००. म्हणजे कूलर हे घरातलं दुसरं कुटुंबच. गोव्यात तेवढ्याच छतावरचं दोन लाखांहून जास्त लिटर पाणी ओहोळाला जातं, म्हणून हा हिशेब आपल्या डोक्यातच येत नाही.

त्यामुळे 'एसी नको म्हणजे नको' हा माझा जुना हेका हल्ली मलाच पुरता पटत नाही. एसी पाणी पीत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही हवा दमटते, तेव्हा कूलर हात टेकतो. मात्र आपल्या नळ्यांच्या (कौलारू) घरासारखं मोठ्या खिडक्यांचं घर बांधून त्यात एसी लावणार असाल, तर माझ्याकडे येऊ नका. तिथे खिडक्या लहान, दिवसा बंद, रात्री सताड उघड्या. छताला दरवर्षी चुना. एवढं झाल्यावर टँकर परवडतो की मोठी लिथियम बॅटरी, यावर त्या ढाणीत अजून वाद चालू आहे. म्हाताऱ्यांना दोन्ही नको. ते बाज उचलून गच्चीवर जातात, आणि आंधी (धुळीचं वादळ) आली की शिव्या घालत खाली येतात.