नट निघाला!

आज कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या गॅरेजमध्ये जीव टांगणीला लागला होता. गाडीचे स्पार्क प्लग बदलताना पोराच्या हातून दहाच्या पान्याचा नट निसटला आणि थेट प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये. पोरगं पांढरंफटक.

मेस्त्री ओरडले नाहीत. "आधी बॅटरीची वायर काढ. चावीला कुणी हात लावायचा नाही." बरोबरच होतं. तशात स्टार्टर फिरला असता तर नट पिस्टन आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, मध्ये चेचला असता, व्हॉल्व्ह वाकला असता, मग इंजिनच उघडा.

मग मोबाइलला जोडलेला बारीक कॅमेरा आत सोडला. काजळीने काळ्या पडलेल्या पिस्टनवर, अगदी कडेला, नट चकाकत होता. लांब दांडीचं चुंबक हळूहळू खाली गेलं. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे, त्यामुळे चुंबक त्यांना चिकटत नाही, हे आमचं नशीब. नट पितळेचा असता तर मात्र चुंबकाचा काही उपयोग नव्हता. प्लगच्या भोकातल्या आट्यांशी येऊन नट पुन्हा सुटला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

शेवटी टक्‌ करून बाहेर! मेस्त्रींनी कॅमेऱ्याने आत पुन्हा नीट पाहिलं आणि प्लग त्या पोरालाच बसवायला दिले. हे मला फार आवडलं.