टाकीचे सर्किट आणि एकाच पाइपातल्या वायरी

गच्चीवरच्या टाकीसाठी पंप आपोआप चालू-बंद करणारे सर्किट मी ५५५ या आयसीवर, म्हणजे टायमरच्या छोट्या चिपवर, बांधले. १२ व्होल्टवर या आयसीची रीत अशी, की दुसऱ्या पिनवरचा विजेचा दाब ४ व्होल्टच्या खाली गेला की आउटपुट चालू होते आणि सहाव्या पिनवर तो ८ व्होल्टच्या वर चढला की बंद होते. टाकीच्या तळाशी १२ व्होल्टची स्टीलची सळई ठेवली, तिच्या थोडी वर दुसऱ्या पिनची सळई आणि काठाजवळ सहाव्या पिनची. दोन्ही पिनांपासून ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, एकेक मेगाओहमचा रेझिस्टर लावला. पाणी ज्या सळईपर्यंत पोचते तिच्या पिनवर पाण्यातून दाब चढतो आणि पाणी खाली गेले की हा रेझिस्टर तो उतरवतो. तांब्याची तार या कामाला घेऊ नये, कारण डीसीमुळे, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेमुळे, ती पाण्यात लवकर झिजते.

सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले. लेसर प्रिंटचा नकाशा इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवताना सहाव्या पिनची रेघ अर्धवट उमटली, ती परमनंट मार्करने जोडून घेतली आणि मगच पत्रा उघडे तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये सोडला. टेबलावर, पाण्याच्या बादलीत सळया बुडवून, सर्किट अगदी बिनचूक चालले.

खाली पंपाजवळ ते बसवले, तेव्हा मात्र रिले, म्हणजे आयसीच्या आउटपुटवर पंप चालू-बंद करणारा स्विच, एकदाच 'टक्' वाजून थांबण्याऐवजी भुंग्यासारखा गुणगुणू लागला. प्रथम संशय मार्करने जोडलेल्या त्या रेघेवर गेला. तिच्यावर नव्याने डाख दिला, आयसी बदलला, रिलेवरचा डायोड उलटा तर लागला नाही ना हेही पाहिले, पण गुणगुण थांबेना. अखेर सहज म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे पंपाचे मुख्य बटण बंद केले आणि सर्किटचा अडॅप्टर वेगळ्या सॉकेटवर चालू असूनही आवाज तत्क्षणी थांबला.

सळयांच्या वायरी मी सोयीसाठी पंपाच्या २३० व्होल्टच्या वायरीसोबत त्याच जुन्या पाइपातून खाली आणल्या होत्या. शेजारून चाललेल्या त्या बारा-तेरा मीटरमध्ये ५० हर्ट्झचा दाब माझ्या वायरींत उतरत होता. एक मेगाओहमसारखा मोठा रेझिस्टर त्याला ग्राउंडकडे वाट देऊ शकत नव्हता, त्यामुळे आयसी सेकंदाला पन्नास वेळा चालू-बंद होत होता. रेझिस्टर दहापट लहान, १०० किलोओहमचे केले, दोन्ही पिनांना ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले आणि रिले शांत झाला.

तरीही मला त्यात समाधान मानता आले नाही. पाण्यात बुडालेल्या सळईची वायर २३० व्होल्टच्या शेजारी असणे ही मुळातच धोक्याची गोष्ट आहे, आणि कपॅसिटर आवाज थांबवतो, धोका नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या वायरी बाहेर ओढल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या वळणापाशी एकीचे आवरण इंचभर खरवडलेले होते आणि आतले तांबे स्पष्ट दिसत होते. आता त्या बाहेरच्या भिंतीवरून स्वतंत्र पाइपातून येतात.