चार पोती कोदो

नोव्हेंबर 2024 च्या दुसऱ्या पंधरवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, चिखलदरा तालुक्यातील एका गावाहून निघालेली पिकअप नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरील आमच्या केंद्राच्या दारात येऊन थांबली. गाडीत 42 पोती कोदो हे बारीक दाण्याचे भरडधान्य होते आणि चालकाशेजारी त्या गावच्या महिला गटातील दोघी जणी बसून आल्या होत्या. आमचे केंद्र म्हणजे एक मोठी शेड, त्यात धान्यातील खडे वेगळे करणारे यंत्र, टरफल काढणारा हलर, दाणे आकाराप्रमाणे निवडणारी चाळणी आणि एक छोटी चक्की. मेळघाटातील कोदो आणि त्याच्याच जातकुळीची कुटकी, तसेच उमरेड, कुही भागातील ज्वारी आम्ही थेट घेतो, स्वच्छ करतो आणि शहरातील खानावळींना, वसतिगृहांना व किराणा दुकानांना देतो. त्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या आहार विभागाची एक हजार किलो कोदो तांदळाची, म्हणजे टरफल काढलेल्या कोदोची, मागणी आमच्याकडे होती. एवढी मोठी मागणी आम्हाला तोवर कधीच मिळाली नव्हती.

हे केंद्र नागपुरात असण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. कोदोच्या दाण्यावर टरफलाचे एकावर एक कठीण थर असतात. पूर्वी बायका ते मातीच्या जात्यावर काढीत, कारण दगडी जात्यात दाण्याचा चुरा होतो. हे कष्ट इतके असतात की घरात रेशनचा तांदूळ आला आणि कोदो मागे पडला, त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. कुटकीसारखी बारीक धान्ये भरडणाऱ्या गिरण्या प्रामुख्याने नाशकात आहेत. त्यामुळे आपल्याकडचे धान्य सहाशे किलोमीटरहून अधिक दूर जाते आणि भगर होऊन नागपूरच्या इतवारी बाजारातील दुकानात परत येते. या जाण्यायेण्यात पिकवणाऱ्याच्या हाती फारच थोडे उरते. केंद्र सरकारचा हमीभाव ज्वारी, बाजरी आणि नाचणीला आहे, कोदो-कुटकीला नाही, म्हणून घेणारा सांगेल तोच भाव ठरतो. भरडण्याचे काम विदर्भातच व्हावे, एवढ्यासाठी आम्ही ही शेड उभारली.

पहिल्या तीन पोत्यांचा दाणा उत्तम निघाला. चौथ्या पोत्यात पन्हळी सळई खुपसून नमुना काढला तेव्हा हाताला गारवा जाणवला. ओलावा मोजण्याचे यंत्र 16 च्या वर गेले. साठवणुकीसाठी आम्हाला तो 12 टक्क्यांच्या आत लागतो. पुढे प्रत्येक पोते तपासल्यावर 29 पोती कोरडी आणि 13 ओली निघाली. त्या 13 मधील चार पोत्यांना कुबट वास येत होता आणि त्यांतील काही दाण्यांवर करडी झाक दिसत होती.

एरवी मी ओले धान्य शेडमागच्या सिमेंटच्या खळ्यावर पसरले असते. मात्र तीनच आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबरच्या अखेरीस, मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात कोदोचे पीक खाऊन 10 हत्ती दगावले होते आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीचे विष आढळल्याची बातमी सर्वत्र आली होती. कापणीच्या वेळी कोदो पावसात भिजला की त्यावर ही बुरशी वाढू शकते. असा कोदो खाल्ला की माणसाला गरगरते, उलट्या होतात, हातपाय थरथरतात. मध्य प्रदेशात त्याला मतौना कोदो म्हणतात. धान्य वाळवले की बुरशीची वाढ थांबते, परंतु तयार झालेले विष दाण्यातच राहते. ऊन त्याला उपाय नाही. आणि आमचा कोदो जाणार होता तो रुग्णांच्या ताटात.

मी नकार दिला तेव्हा गटातील तरुण बाई म्हणाली, "ताई, दाणा खराब नाही जी, गाडीत वरून दव लागलं असंल." तिला यंत्रावरचा आकडा पटण्याचे काही कारण नव्हते. भाव पाडण्यासाठी ओलावा जास्त दाखवणारे व्यापारी तिने आधी पाहिले होते. म्हणून मी यंत्र बाजूला ठेवले आणि काचेच्या दोन कोरड्या बाटल्या आणवल्या. तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ दोन्हींत थोडे थोडे घातले, एकीत कोरड्या पोत्यातील आणि दुसरीत ओल्या पोत्यातील दाणे घातले, आणि दोघींच्या हाती एकेक बाटली देऊन ती हलवायला सांगितली. दहा मिनिटांनी एका बाटलीतील मीठ मोकळे खाली पडले, तर दुसरीच्या काचेला ते चिकटून राहिले. मीठ असे चिकटले तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या वर समजतात. ही जुनी रीत आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि तिचा निकाल दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसतो.

दुसऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी कुबट पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, एक दाणा दाताखाली फोडून थुंकून टाकला आणि म्हणाल्या, "माझी सासू असा कोदो घरात घेत नव्हती."

या वाक्याने मी थांबले. त्या चार पोत्यांपैकी तीन त्यांच्याच शेतातील होती. घरी खायचे असते तर त्यांनी तो दाणा बाजूला काढला असता. विकायचा म्हटल्यावर तो पोत्यात भरला गेला, कारण आजवर त्यांच्याकडून कोदो घेणाऱ्या कोणीही तो नाकाशी नेला नव्हता. घेणारा फक्त वजन करीत असे. दाण्याची पारख गावात होती आणि खाणारा शहरात होता. त्या पारखेला भाव देणारे मधे कोणीच नव्हते. ते काम आमचे होते, आणि आम्ही यंत्रे बसवण्याच्या धांदलीत ते विसरलो होतो. गावाला ताडपत्र्या पाठवण्याचे सप्टेंबरमध्येच ठरले होते. हलरच्या दुरुस्तीत पैसे गेले म्हणून मी ते पुढे ढकलले. ऑक्टोबरच्या पावसात कापलेल्या पेंढ्या उघड्यावर पडून होत्या, हे मला त्या दिवशी कळले. ओलावा मोजण्याचे यंत्रसुद्धा मी शेतापासून सव्वादोनशे किलोमीटर दूर, नागपूरच्या शेडमध्ये ठेवले होते, जिथे त्याचा उपयोग फक्त नाही म्हणण्यासाठी होता.

एक गोष्ट मात्र आदल्या वर्षीच्या अनुभवाने नीट झाली होती. प्रत्येक शेतकरी बाईच्या पोत्याच्या तोंडाला वेगळ्या रंगाचा दोरा होता आणि वहीत त्या रंगापुढे तिचे नाव होते. सगळा माल गावातच एकत्र झाला असता तर त्या चार पोत्यांपायी 42 पोती परत पाठवावी लागली असती.

दुपारी आम्ही तिघी शेडच्या ओट्यावर हिशेबाला बसलो. 29 पोत्यांचे पैसे किलोला 35 रुपयांप्रमाणे लगेच द्यायचे ठरले. कुबट वास नसलेली नऊ पोती वेगळी वाळवायची, प्रत्येकाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, अहवाल येईपर्यंत हलरला लावायची नाहीत आणि तोवर निम्मे पैसे द्यायचे, हेही ठरले. उरलेल्या चार पोत्यांचे, म्हणजे 200 किलोंचे, सात हजार रुपये होत होते. त्यांपैकी साडेतीन हजार केंद्राने द्यावेत, असे मी सुचवले, कारण ताडपत्र्या न पाठवण्याची चूक माझी होती. उरलेले साडेतीन हजार गटाच्या बचतीतून देण्याचे त्या दोघींनी गावी फोन लावून, बरीच चर्चा करून मान्य करून घेतले. तरुण बाईला ते सहज पटले नाही. ज्यांनी पेंढ्या वेळेवर घरात घेतल्या त्यांनी का भरावे, असे ती म्हणाली, आणि तिचा प्रश्न रास्त होता. त्यावर मोठ्या बाई एवढेच म्हणाल्या की पाऊस पुढच्या वर्षी कोणाच्या शेतावर पडेल, ते कोणी सांगावे.

रुग्णालयाला फोन करणे अवघड गेले. आमच्या हलरवर क्विंटलमागे साधारण 55 ते 60 किलो तांदूळ निघतो, म्हणजे 29 पोत्यांचे फार तर आठशे-साडेआठशे किलो होणार होते. मी आहारतज्ज्ञ बाईंना आकडा सांगितला आणि कारणही लपवले नाही. त्यांनी काही क्षण थांबून, आलेल्या प्रत्येक पोत्याच्या ओलाव्याची नोंद लेखी मागितली आणि आठशे किलोंची मागणी कायम ठेवली. पुढील खरेदीपासून ही नोंद त्यांनी आमच्याकडून दर वेळी घेतली.

संध्याकाळी शेडमागे कंबरभर खोल खड्डा खणून ती चार पोती आम्ही त्यात रिकामी केली. गुरांना घालू, असे हमाल म्हणाला होता, पण असा कोदो गुरांनाही बाधतो. वर चुना टाकून माती लोटेपर्यंत मोठ्या बाई खड्ड्याजवळून हलल्या नाहीत. रिकामा बारदानाही आम्ही जाळून टाकला.

त्या रात्री दोघी माझ्याच घरी राहिल्या आणि सकाळी पिकअप परत निघाली, तेव्हा गाडीत गुंडाळलेल्या सहा ताडपत्र्या, ओलावा मोजण्याचे यंत्र आणि झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. मिठाची पुडी मोठ्या बाईंनी स्वतःच्या पदराला बांधून घेतली.