दगशाईचं जुनं जेल : शिमल्याला जाताना दोन तास काढाच

शिमल्याला जाताना सगळे धरमपूरला पराठे हाणतात आणि पुढे सुटतात, आम्हीपण मागच्या वेळी तेच केलं होतं. यावेळी मात्र ठरवून कुमारहट्टीहून वर दगशाईला वळलो. हिमाचलमधलं इवलंसं कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणी आहे, 1847 मध्ये कंपनी सरकारने पतियाळाच्या महाराजांकडून जागा घेऊन वसवलेलं, आणि दोनच वर्षांनी, 1849 ला, हे दगडी जेल बांधलं. म्हणजे गाव नीट वसायच्या आधीच तुरुंग तयार!

54 कोठड्या, त्यातल्या 16 एकांतवासाच्या. आत पाऊल टाकलं की फळ्या करकरतात. मला वाटलं जुनं लाकूड, वाजणारच. पण तिथल्या माणसाने सांगितलं की लाकडी जमीन मुद्दाम केलीय, कैदी हलला की पहारेकऱ्याला ऐकू जावं म्हणून. मग बायकोला एका कोठडीत उभं केलं आणि मी बाहेर डोळे मिटून थांबलो, तर तिने नुसता या पायावरचा भार त्या पायावर टाकला तेसुद्धा कळलं हो! ती लगेच बाहेर आली, म्हणाली बास झालं, फोटोबिटो काही नको.

इथली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आयरिश सैनिकांची. 1920 च्या जूनअखेर जालंधरला ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश शिपायांनी बंड केलं, कारण तिकडे आयर्लंडमध्ये इंग्रज त्यांच्याच लोकांवर अत्याचार करत होते आणि हे इथे त्याच इंग्रजांची चाकरी करत होते. लोण सोलनला पोचलं, तिथे जेम्स डेली या शिपायाच्या नेतृत्वाखाली दारूगोळ्याच्या कोठारावर चाल करताना गोळीबारात दोघं गेले. पकडलेल्या बंडवाल्यांना या जेलमध्ये आणलं. फाशीबिशी नाही, डेलीला 2 नोव्हेंबर 1920 ला इथेच गोळ्या घातल्या. पोरगा विशीतला! मृत्यूची शिक्षा अनेकांना झाली होती, अंमलात आली ती याच्या एकट्याचीच. 1970 मध्ये त्याचे अवशेष आयर्लंडला नेले. या आयरिश कैद्यांसाठी गांधीजी इथे आले होते आणि एका कोठडीत राहिले असं सांगतात. गोडसेला शिमल्याच्या सुनावणीला नेताना इथे ठेवलं होतं, असंही सांगतात.

आता जाणाऱ्यांसाठी. टॉय ट्रेनने येणार असाल तर कुमारहट्टी दगशाई स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आधी बघून घ्या. वर चढ आहे, टॅक्सी करा आणि परतीचं आधीच ठरवा, आमचा ड्रायव्हर "अभी आया" म्हणून गेला तो तासाभराने उगवला. लष्करी भाग, त्यामुळे आयडी जवळ ठेवा आणि फोटो विचारूनच काढा. कोठड्यांत अंधार असतो, मोबाईल चार्ज करून न्या. मे महिन्यातसुद्धा आत गारठा जाणवतो, स्वेटर गाडीत ठेवू नका, अंगावर घ्या.